मोबाइलला बोटाचं आणि चेहऱ्याचं लॉक: दुकानदारावर न सोडता स्वतः कसं बसवायचं

नवा फोन घेतला की बहुतेक वेळा दुकानातच सगळं उरकलं जातं. सिम टाकून होतं, व्हॉट्सॲप चालू होतं, काच चिकटवली जाते आणि मग काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "मामा, इथं अंगठा ठेवा. उचला. परत ठेवा. झालं बघा." पिन कोणता टाकला हे मामांना माहीत नसतं, त्या मुलाला असतं. मी सेलूत आपले सरकार सेवा केंद्र चालवते. लोकांचे फोन आणि लोकांची बोटं, दोन्ही दिवसभर माझ्यासमोर असतात. पीक विम्याचे, पीएम किसानचे, लाडक्या बहिणीचे पैसे जमा झाल्याचे मेसेज ज्या फोनवर येतात, त्याच फोनचा पिन १२३४ असतो. आत नोंदवलेल्या तीन बोटांपैकी तिसरं कोणाचं, हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. बोट किंवा चेहरा पिनची जागा घेत नाही, पिनच्या वर बसतो. ज्याला पिन माहीत आहे तो नवं बोट घालू शकतो आणि तुमचं काढूही शकतो. आणि एकदा एखादं बोट फोनमध्ये गेलं की मालकाचं कोणतं आणि पुतण्याचं कोणतं, असा भेद फोन करत नाही.

बसण्याआधी जवळ काय हवं

- फोनचा सध्याचा पिन किंवा पॅटर्न. माहीत नसेल तर ज्याने लावला त्याला आधी विचारा.
- गूगल खात्याचा ईमेल आणि पासवर्ड; आयफोन असेल तर ॲपल खात्याचा.
- फोनचं बिल आणि आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक. डायल पॅडवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की तो दिसतो. वहीत लिहून घ्या, कारण फोन चोरीला गेल्यावर तो फोनमध्ये बघता येत नाही.
- आधारला जोडलेलं सिम चालू स्थितीत. हे शेवटच्या टप्प्यांत लागेल.
- साबण, पाणी, सुती फडकं.

१. आधी पिन बदला

सेटिंग्जमध्ये हा भाग कुठं "सुरक्षा", कुठं "पासवर्ड आणि सुरक्षा", कुठं "लॉक स्क्रीन" अशा नावाने असतो. शोधत बसू नका. सेटिंग्जच्या वरच्या बाजूला भिंगाचं चिन्ह असतं, तिथं "लॉक" किंवा "फिंगर" टाका, नेमकं पान निघतं.

पिन सहा आकडी ठेवा. जन्मसाल, गाडीचा नंबर, मोबाइल नंबरचे शेवटचे आकडे नकोत. एटीएमचा किंवा यूपीआयचा पिनही इथं वापरू नका. पॅटर्नच्या मी विरोधात आहे. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला तो एका नजरेत कळतो आणि बोटाचा तेलकट माग काचेवर राहतो तो वेगळाच.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे, "बोट आहे की, पिन कशाला ध्यानात ठेवायचा?" फोन बंद होऊन पुन्हा चालू झाला की बोट चालत नाही, पहिल्यांदा पिनच लागतो. आपल्याकडे रात्री लाइट गेली, चार्जिंग संपलं, सकाळी फोन चालू केला की हीच वेळ येते. शिवाय अँड्रॉइड फोन ७२ तासांत निदान एकदा पिन मागतोच, आणि बोट पाच वेळा चुकलं तरी अडतो. पिन विसरलेला फोन शेवटी पूर्ण पुसावा लागतो. बॅकअप नसेल तर लेकराबाळांचे फोटो त्यात जातात, आणि ते परत मिळवून द्यायचं कोणत्याही दुकानदाराच्या हातात नसतं.

वय झालेल्या माणसाच्या लक्षात राहत नसेल तर पिन कागदावर लिहून घरी कपाटात ठेवायला माझी हरकत नाही. पण फोनच्या कव्हरमागे नको. तिथं घडी घातलेल्या चिठ्ठीवर फोनचा पिन, खाली एटीएमचा पिन आणि सोबतीला एटीएम कार्ड, असे फोन माझ्या टेबलावर वरचेवर येतात.

२. आत आधीच कोणाची बोटं आहेत ते बघा

फिंगरप्रिंटचं पान उघडा. पिन टाकल्यावर "फिंगरप्रिंट १", "फिंगरप्रिंट २" अशी यादी दिसेल. बऱ्याच फोनमध्ये याच पानावर असताना सेन्सरवर बोट ठेवलं की त्या बोटाची ओळ उजळते. काहींमध्ये "जोडलेले फिंगरप्रिंट तपासा" असं वेगळं बटण असतं. आपली बोटं एकेक लावून बघा. जी ओळ उजळत नाही ती सरळ काढून टाका. जुना किंवा हातबदल झालेला फोन असेल तर तपासत बसू नका, सगळीच काढा आणि नव्याने घाला.

घरातल्या दुसऱ्याचं बोट ठेवावं का? माझं मत, म्हाताऱ्या आईच्या फोनमध्ये तिच्याजवळ राहणाऱ्या एका माणसाचं बोट असावं. आजारपणात तेच उपयोगी पडतं. पण ते बोट तिच्या बँकेचं ॲपही उघडणार, हे तिला समजावून आणि तिचा होकार घेऊनच घाला. लातूरला क्लाससाठी खोली करून राहणाऱ्या मुलामुलींना मात्र माझं निक्षून सांगणं आहे. गाणी लावायला किंवा अलार्म बंद करायला म्हणून खोलीतल्या मैत्रिणीचं बोट फोनमध्ये घालू नका. खोल्या बदलतात, बोट आतच राहतं.

आता घातलेल्या प्रत्येक बोटाला नाव द्या: "उजवा अंगठा", "आईची तर्जनी". पुढच्या वर्षी यादी उघडाल तेव्हा प्रश्न पडणार नाही.

३. बोट नोंदवणं

सेन्सर तीन ठिकाणी असतो: फोनच्या पाठीवर, कडेच्या बटणात किंवा स्क्रीनखाली. पाठीवरचा आणि कडेचा सेन्सर बोटाच्या रेषा त्वचेच्या सूक्ष्म विद्युतभारावरून ओळखतो. स्क्रीनखालचा बहुतेक फोनमध्ये उजेड टाकून बोटाचं चित्र घेतो. काही महाग फोन त्यासाठी ध्वनिलहरी वापरतात. एवढं माहीत असलं की निम्म्या अडचणींचं कारण कळतं. स्क्रीनखालच्या सेन्सरवर जाड काच लावली की तो आंधळा होतो, आणि कडेच्या बटणावर घामाचा थर बसला की ते अडतं.

क्रम असा ठेवा. स्क्रीनची काच आधी चिकटवा, बोट नंतर नोंदवा. काच बदलली की जुनी नोंद काढून पुन्हा करा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. फोन टेबलावर न ठेवता, रोज जसा धरता तसा हातात धरा. फोन सांगेल तसं बोट ठेवा-उचला, आणि दर वेळी थोडं सरकवा: मधला भाग, टोक, डावी कड, उजवी कड. नुसता मधला भाग दहादा दिला तर घाईत तिरकं लागलेलं बोट फोन ओळखत नाही.

कव्हरवरून किंवा सैल प्लास्टिकवरून कधीही नोंद करू नका. ऑक्टोबर २०१९ मध्ये सॅमसंगच्या एस१० फोनवर सिलिकॉनचं कव्हर लावलं की कोणाच्याही बोटाने तो उघडत असल्याचं समोर आलं होतं. सेन्सर कव्हरच्या आतल्या बाजूची नक्षीच बोटाच्या रेषा समजत होता. कंपनीने अपडेट देऊन ते दुरुस्त केलं. म्हणून काच लावून नोंद झाली की घरातल्या दोघातिघांची, नोंद नसलेली बोटं लावून बघा. फोन उघडला नाही पाहिजे.

फोनमध्ये बोटाचा फोटो साठवला जात नाही. रेषांवरून तयार झालेला गणिती साचा फोनच्या आत वेगळ्या, बंदिस्त भागात राहतो. बँकेच्या ॲपला फक्त "जुळलं" किंवा "जुळलं नाही" एवढंच कळतं. तुमचा ठसा ना गूगलकडे जातो, ना बँकेकडे.

४. अंगठा लागतच नाही, तेव्हा

केंद्रात रोज ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "ताई, माझा थम काही घेईना." आणि त्या हातांकडे बघितलं की कारण समजतं. कापूस वेचताना वाळलेल्या बोंडाची टोकं रोज बोटांच्या शेंड्यांना टोचतात. ऊसतोडीहून परतलेल्या माणसाच्या बोटांवर पाचटाचे बारीक काप असतात. वसमतकडे हळद शिजवण्या-वाळवण्याच्या हंगामात हात पिवळे आणि राठ झालेले असतात. मोंढ्यातल्या हमालाच्या, सिमेंट कालवणाऱ्या गवंड्याच्या बोटांवर कधीकधी रेषाच दिसत नाहीत. दोष त्या माणसाचा नाही, आणि फोनही बिघडलेला नसतो.

अशा हातांसाठी हे करून बघा.

अंगठा आणि तर्जनी सोडा. करंगळी आणि अनामिका सगळ्यात कमी झिजतात. कोयता उजव्या हातात असतो म्हणून डावा हात बरा असेल असं वाटतं, पण ऊस डाव्या हाताने धरतात आणि पाचट त्यालाच कापतं. तेव्हा दोन्ही हातांची बोटं उजेडात धरून बघा आणि ज्याच्या रेषा ठळक दिसतात ते घ्या. मोंढ्यात काम करणारे एक काका गेल्या हंगामात आले होते. दोन्ही अंगठे, दोन्ही तर्जन्या, काहीच लागेना. डाव्या हाताची करंगळी पहिल्याच खेपेला नोंदली गेली. करंगळीने फोन उघडायला त्यांना सुरुवातीला अवघडल्यासारखं झालं, आता सवय झाली आहे.

एकच बोट दोन वेगळ्या नोंदींत घाला: एकदा सकाळी हात धुतल्यावर, एकदा दिवसभराच्या कामानंतर. फोनमध्ये साधारण तीन ते पाच नोंदींची जागा असते, ती अशी वापरा.

बोटं कोरडी पडून भेगाळली असतील तर रात्री खोबरेल तेल चोळून झोपा, सकाळी धुऊन मग नोंद करा. तेलकट बोट थेट सेन्सरवर ठेवू नका. लग्नसराईत बोटांच्या टोकांना गडद मेंदी असेल तर स्क्रीनखालचा सेन्सर अडू शकतो; मेंदी उतरेपर्यंत पिन वापरा. मे महिन्यात उन्हात तापलेला फोन आणि घामेजलेलं बोट हीसुद्धा नेहमीची जोडी आहे. फडक्याने दोन्ही पुसा.

इतकं करूनही लागलं नाही तर हट्ट सोडा. सहा आकडी चांगला पिन हे पुरेसं लॉक आहे. बोटाची सोय नाही म्हणून फोन उघडा ठेवणारे लोक मला भेटतात, तसं मात्र करू नका.

५. चेहऱ्याचं लॉक: कोणत्या फोनमध्ये विश्वास ठेवायचा

इथं सगळे फोन सारखे नाहीत. आयफोनमध्ये २०१७ च्या एक्स मॉडेलपासून आलेलं फेस आयडी तोंडावर डोळ्यांना न दिसणारे हजारो ठिपके टाकून चेहऱ्याची खोली मोजतं. अंधारातही चालतं. अनोळखी माणसाच्या चेहऱ्याने ते उघडण्याची शक्यता ॲपल दहा लाखांत एकापेक्षा कमी सांगते. जुळी भावंडं, सारख्या दिसणाऱ्या सख्ख्या बहिणी आणि तेरा वर्षांखालची मुलं यांच्या बाबतीत ही शक्यता वाढते, हेही कंपनीच सांगते.

आपल्याकडे जास्त खपणाऱ्या स्वस्त आणि मध्यम किमतीच्या अँड्रॉइड फोनमध्ये मात्र चेहरा बघायचं काम साधा सेल्फी कॅमेरा करतो. त्याला सपाट चित्र तेवढं दिसतं. काही फोन चांगल्या फोटोनेही फसले आहेत. अँड्रॉइड स्वतःच अशा चेहऱ्याला कमी प्रतीचं समजतं, म्हणून बँकेची बहुतेक ॲप त्यावर उघडत नाहीत, बोट किंवा पिन मागतात. तुमचं बँकेचं ॲप चेहरा घेत नसेल तर त्याचं कारण हे आहे.

माझा सल्ला सरळ आहे. साध्या अँड्रॉइडमध्ये चेहऱ्याचं लॉक लावू नका, बोट वापरा. लावायचंच असेल तर "डोळे उघडे असणं आवश्यक" हा पर्याय चालू करा, नाहीतर झोपलेल्या माणसाच्या तोंडासमोर फोन धरला तरी उघडेल.

६. स्क्रीन बंद केली, आता आतलं बघा

फोनला बोट लावलं म्हणजे सगळं झालं असं नाही. तीन गोष्टी लगेच करा.

पहिली, लॉक स्क्रीनवर दिसणारे मेसेज. फोन लॉक असतानाही ओटीपी वरच झळकत असेल तर लॉक उघडायची चोराला गरजच काय? सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनच्या भागात "संवेदनशील मजकूर लपवा" किंवा त्या अर्थाचा पर्याय निवडा.

दुसरी, पैशांची ॲप. व्हॉट्सॲप, यूपीआयची ॲप आणि बँकेच्या ॲपमध्ये स्वतःचं वेगळं लॉक चालू करता येतं, ते करा. यूपीआयबद्दल जास्त जपून राहा. ऑक्टोबर २०२५ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने यूपीआय पिनच्या जागी फोनमधलं बोट किंवा चेहरा वापरून पैसे पाठवायची सोय जाहीर केली. अक्षरओळख कमी असलेल्या माणसाला ही सोय खरंच उपयोगाची आहे. पण ती घ्यायची असेल तर पायरी दोन पुन्हा करा, कारण आता फोनमधल्या प्रत्येक बोटाचा संबंध थेट खात्यातल्या पैशांशी येतो. ॲपने विचारलं म्हणून घाईत "होय" दाबू नका.

तिसरी, सिम. चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी तिथं घेतो. सिमला पिन लावला की हे थांबतं. मूळ सिम पिन कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की सिम पीयूके नंबर, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा कंपनीकडचा नंबर, मागतं आणि मग धावपळ होते.

७. बोट तात्पुरतं बंद कसं करायचं

झोपेत कोणी बोट लावून फोन उघडेल, किंवा कोणी हात धरून जबरदस्तीने उघडायला लावेल, अशी भीती असते आणि ती खरी आहे. पिन डोक्यात असतो, बोट हातालाच असतं. त्यासाठी अँड्रॉइडमध्ये २०१८ च्या नवव्या आवृत्तीपासून "लॉकडाउन" आहे. पॉवर बटण दाबून येणाऱ्या यादीत ते असतं; नसेल तर लॉक स्क्रीनच्या सेटिंग्जमधून आधी चालू करावं लागतं. ते दाबलं की पिनशिवाय फोन उघडत नाही. आयफोनमध्ये कडेचं बटण आणि आवाजाचं बटण एकत्र दोन-तीन सेकंद दाबून ठेवलं की तेच होतं. दोन्ही जमलं नाही तर फोन बंद करून चालू करा, परिणाम तोच.

८. आधारचा अंगठा वेगळा, त्याचं लॉक वेगळं

इथं गोंधळ फार होतो. फोनमधला ठसा फोनमध्येच राहतो. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर किंवा बँक मित्राकडे लावलेला अंगठा आधारच्या नोंदीशी ताडला जातो. फोनमधून बोट काढल्याने आधारचा ठसा बंद होत नाही. कागदपत्रांवरचे ठसे उचलून, त्यांचे साचे करून आधारवर पैसे काढल्याचे गुन्हे देशात घडलेले आहेत. म्हणून हेही लॉक लावा.

आधारच्या अधिकृत ॲपमध्ये किंवा वेबसाइटवर जा. नोंदणीकृत मोबाइलवर आलेला ओटीपी टाका आणि बायोमेट्रिक लॉक करा. हेल्पलाइन १९४७ आहे. लॉक असताना ओटीपीवर होणारी कामं चालू राहतात, फक्त बोट, बुबुळ आणि चेहरा बंद होतो.

धान्य आणायला जाताना किंवा ई-केवायसीला बसताना ते तात्पुरतं उघडावं लागतं. तात्पुरतं उघडलेलं लॉक दहा मिनिटांत आपोआप बंद होतं. तेव्हा घरून उघडून निघू नका, रांगेत तुमच्या पुढे एकच जण राहिला की उघडा. मशीनवर ३३० असा एरर आला तर अंगठा खराब नाही, लॉक लागलेलं आहे. ज्या आजी-आजोबांचा मोबाइल आधारला जोडलेलाच नाही, त्यांचा आधी आधार केंद्रावर जोडून घ्या. त्याशिवाय हे लॉक लावताही येत नाही आणि काढताही येत नाही.

९. दुरुस्ती, विक्री आणि चोरी

दुरुस्तीला देताना पिन सांगू नका. स्क्रीन किंवा बॅटरी बदलायला पिन लागत नाही. काम झाल्यावर तपासून बघायचं असेल तर तुम्हीच उघडून द्या. काही फोनमध्ये यासाठी "मेंटेनन्स मोड" असतो, तो चालू करून द्या.

विकताना आधी गूगल किंवा ॲपल खातं फोनमधून काढा, मग फॅक्टरी रिसेट करा. खातं न काढता पुसलेला फोन नव्या मालकाकडे तुमचाच पासवर्ड मागतो आणि तो तुमच्या दारात येतो.

आठवडी बाजारात फोन गेला तर बोटाच्या भरवशावर थांबू नका. हा क्रम धरा:

- दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून यूपीआय आणि खात्याचे व्यवहार थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवरही करता येते.
- गूगलच्या फाइंड हबमधून किंवा ॲपलच्या फाइंड माय मधून फोन लॉक करा, गरज पडली तर पुसा.
- जुनं सिम बंद करून त्याच नंबरचं नवं सिम घ्या. पुढच्या कामाचा ओटीपी त्यावरच येतो.
- पोलीस ठाण्यात तक्रार देऊन प्रत घ्या.
- संचार साथी पोर्टलवर जाऊन आयएमईआय नंबर ब्लॉक करा. मे २०२३ पासून ही सोय देशभर आहे. तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि बिल तिथं अपलोड करायला जवळ ठेवा. विनंती क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. फोन सापडला तर त्याच क्रमांकावरून अनब्लॉकची विनंती करावी लागते, नाहीतर परत मिळालेल्या फोनमध्येही कोणतंच सिम चालत नाही.